सरकारी निवासातून पुढच्या घरात: आयर्लंडमध्ये युक्रेनियन कुटुंबाला हलवताना काय, कधी आणि कोणत्या क्रमाने

आयर्लंडमध्ये युक्रेनियन निर्वासितांच्या मदतीला नव्याने लागलेल्यांसाठी हा लेख आहे. तुम्ही एखाद्या गावातल्या मदतगटात असाल, कौन्सिलच्या इंटिग्रेशन टीममध्ये नुकतेच रुजू झाला असाल, किंवा डब्लिन, कॉर्क, गॉलवेकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी असाल आणि घरातली रिकामी खोली द्यावी का, याचा विचार करत असाल. सामान उचलणं हे या कामातलं सगळ्यात सोपं काम. माणसं अडकतात ती कागदात, पोस्ट ऑफिसात आणि शाळेच्या दारात, म्हणून लेखातली बरीचशी जागा त्यालाच दिली आहे.

थोडी पार्श्वभूमी. युद्धातून पळालेल्यांना एकगठ्ठा आसरा देणारा युरोपियन युनियनचा तात्पुरत्या संरक्षणाचा निर्देश २००१ सालचा, पण तो पहिल्यांदा वापरला गेला ४ मार्च २०२२ रोजी. या संरक्षणाची सध्याची मुदत ४ मार्च २०२७ पर्यंत आहे. तेव्हापासून आयर्लंडमध्ये एक लाखाहून जास्त युक्रेनियन आले. सरकारने हॉटेलं, गेस्टहाऊस, विद्यार्थ्यांची वसतिगृहं कंत्राटावर घेतली, काही काळ गॉर्मनस्टन आणि स्ट्रॅडबॅली इथे तंबूही ठोकले. कंत्राट संपलं, मालकाला पर्यटनाच्या हंगामासाठी हॉटेल परत हवं झालं किंवा सप्टेंबरात विद्यार्थी परतायची वेळ आली की आतली माणसं हलवावी लागतात. ही गोष्ट कुटुंबाला पहिल्याच भेटीत सांगा. पत्र हातात पडलं की अनेकांना वाटतं, आपल्याबद्दल कोणीतरी तक्रार केली. तसं काही नसतं.

पत्र आलं त्याच दिवशी

पत्राचा फोटो काढून घ्या आणि त्यातल्या चार गोष्टी शोधा: जागा रिकामी करायची तारीख, नव्या जागेचं नाव आणि पत्ता, प्रवासाची सोय कोण करणार, आणि हरकत असेल तर कोणत्या ईमेलवर कळवायचं. पत्ता दिलेला नसेल तर आधी तोच विचारा. पत्त्याशिवाय शाळा नाही, डॉक्टर नाही, काहीच पुढे सरकत नाही. पत्त्यातला एअरकोड, म्हणजे सात अक्षर-अंकांचा टपालसंकेत, आवर्जून मागून घ्या. ग्रामीण आयर्लंडमध्ये एकाच नावाच्या वाडीत दहा घरं असतात आणि घरांना नंबर नसतात. एअरकोड मात्र प्रत्येक पत्त्याला स्वतंत्र असतो.

मग हे स्थलांतर कोणत्या प्रकारचं आहे ते ठरवा, कारण पुढचं काम त्यावर बदलतं.

एक, सरकार एका सरकारी निवासातून दुसऱ्या सरकारी निवासात नेत आहे. जागा सरकारची, बस सरकारची. तुमचं काम तुटणारे धागे वेळेत जोडायचं.

दोन, राहण्याची मुदतच संपली आहे. १४ मार्च २०२४ नंतर आलेल्यांना सरकारी केंद्रात जास्तीत जास्त ९० दिवस राहता येईल असा नियम झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने नव्याने येणाऱ्यांसाठी ती मुदत ३० दिवसांवर आणायचं ठरवलं. इथे पुढची जागा कुटुंबालाच शोधायची असते. घर शोधायला तीस दिवस फार कमी आहेत, म्हणून शोध पहिल्या आठवड्यातच सुरू झाला पाहिजे.

तीन, कुटुंब आपणहून बाहेर पडत आहे, भाड्याच्या घरात किंवा एखाद्या यजमानाकडे. यात स्वातंत्र्य जास्त, जोखीमही जास्त. एकदा सरकारी खोली सोडली की परत मिळेल हे गृहीत धरू नका आणि कुटुंबालाही धरू देऊ नका. नवी जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि तारीख लेखी मिळाल्याशिवाय खोली सोडायला सांगू नका.

कुटुंबाचं एक पान

प्रत्येक कुटुंबामागे एकच पान करा. समजा आई ३८ वर्षांची, मुलगी १५, मुलगा ७ आणि आईची आई ७१. चौघांची नावं पासपोर्टवर आहेत तशीच, अक्षर न अक्षर उतरवा. काही युक्रेनियन आडनावांचा शेवट स्त्री-पुरुषांप्रमाणे बदलतो. मुलगा कोवाल्स्की तर मुलगी कोवाल्स्का. आजीचं आडनाव तर वेगळंच. आडनावावरून लावलेल्या यादीत हे एक कुटुंब तीन ठिकाणी विखुरतं, आणि आजीला दुसऱ्याच इमारतीत खोली दिली जाऊ शकते. म्हणून पानाच्या वर ठळक लिहा: हे चौघं एक कुटुंब, एकत्रच हलवायचे. नावाचं स्पेलिंगही जपा. ओलेना आणि एलेना, ओलेक्सांद्र आणि अलेक्झांडर ही एकाच माणसाची दोन रूपं दोन कार्यालयांत गेली की पुढे दोन माणसं तयार होतात.

नावांच्या खाली प्रत्येकाचा पीपीएस नंबर, म्हणजे सरकारी कामांसाठीचा ओळख क्रमांक, तात्पुरत्या संरक्षणाचं पत्र, मेडिकल कार्डाचा नंबर आणि सध्याचा डॉक्टर. मुलांसाठी शाळा, इयत्ता आणि विषय. कमावत्या माणसासाठी कामाची जागा, पाळीची वेळ आणि तिथे जायची बस. शेवटी औषधं, ॲलर्जी, पुढच्या तीन महिन्यांतल्या रुग्णालयाच्या तारखा आणि पाळीव प्राणी. कुत्री-मांजरी घेऊन आलेली कुटुंबं पुष्कळ आहेत आणि बऱ्याच सरकारी निवासांत प्राणी चालत नाहीत. हे बसच्या दारात कळलं तर त्यावर काहीही करता येत नाही.

ही माहिती फोनमधल्या ग्रुपवर टाकू नका. नव्या निवासाचा पत्ताही समाजमाध्यमांवर जाहीर करू नका. काही गावांत अशा इमारतींपुढे निदर्शनं झाली आहेत, आणि मुलं शाळेतून एकटी परत येत असतात.

दुभाषी मोठा माणूसच असावा. पंधरा वर्षांच्या मुलीने आईच्या आजाराचं भाषांतर करायचं नसतं. भाषा युक्रेनियन चालेल की रशियन, हे विचारून घ्या, अंदाज बांधू नका.

हरकत घ्यायची असेल तर

२०२२ च्या ऑक्टोबरात किलार्नीमधल्या महिला आणि मुलांना दोन दिवसांहून कमी मुदतीत मेयोतल्या वेस्टपोर्टला जायला सांगितलं गेलं. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. मुलं शाळेत रुळलेली, आया कामाला लागलेल्या. गावातून आवाज उठला आणि निर्णय बदलला. पण या उदाहरणावर विसंबू नका. दरवेळी आख्खं गाव उभं राहत नाही, आणि दिलेली जागा नाकारली तर दुसरी मिळेलच अशी हमी नसते. नकार द्यायच्या आधी कुटुंबाला हे त्यांच्या भाषेत, स्पष्ट शब्दांत कळलं पाहिजे.

विनंती करायची तर लेखी, तारखेच्या आधी आणि कागद जोडून. डायलिसिस, कर्करोगाचे उपचार, जोखमीचं गरोदरपण, अपंगत्व, यांसाठी तज्ज्ञ डॉक्टरांचं पत्र घ्या. त्यात आजाराचं नाव पुरत नाही. उपचार कोणत्या रुग्णालयात, आठवड्यातून किती वेळा, आणि खंड पडला तर काय होईल, हे लिहून घ्या. ‘रुग्णाला प्रवास झेपणार नाही’ एवढ्या एका ओळीला फारसं वजन नसतं. ‘सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस, नव्या पत्त्यापासून रुग्णालय दोन तासांवर’ या ओळीला असतं. व्हीलचेअर असेल तर मागणी नेमकी हवी: तळमजला किंवा चालू लिफ्ट, आणि दाराची रुंदी सेंटिमीटरमध्ये.

लीव्हिंग सर्टच्या, म्हणजे शाळेच्या शेवटच्या परीक्षेच्या, वर्षातल्या विद्यार्थ्यासाठी शाळेचं पत्र जोडा. ही परीक्षा जूनमध्ये होते, विषय दोन वर्षांचे असतात, आणि नव्या शाळेत तोच विषय शिकवला जाईल असं नाही. नोकरीसाठी मालकाचं पत्र घ्या. मैत्रीण इथे आहे, गाव आवडलं, ही कारणं खरीच असतात, पण एवढ्यावर निर्णय फिरत नाही. तसं प्रामाणिकपणे सांगा.

यजमान किंवा भाड्याचं घर

आपली जागा युक्रेनियन कुटुंबाला देणाऱ्याला सरकारकडून दरमहा करमुक्त मानधन देण्याची योजना २०२२ च्या जुलैपासून सुरू झाली. रक्कम सुरुवातीला ४०० युरो, त्या डिसेंबरपासून ८००, आणि १ जून २०२५ पासून ६००. रक्कम आणि मुदत दोन्ही बदलत आल्या आहेत, म्हणून यजमानाशी बोलण्याआधी त्या दिवशीचा दर आणि योजनेची अखेरची तारीख समाजसंरक्षण खात्याच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. मानधन घरामागे एकच, माणसं कितीही असोत. निदान सहा महिने जागा देण्याची तयारी लागते. तुम्ही स्वतः भाड्याच्या घरात राहत असाल तर आधी घरमालकाची लेखी परवानगी घ्या.

यजमानाच्या घरी गोष्टी बिघडतात त्या बहुधा न बोललेल्या अपेक्षांमुळे. म्हणून दोन्ही बाजूंच्या सह्यांचं एक साधं पान करा. वीज-गॅसचं बिल कोण भरणार, स्वयंपाकघर कधी आणि फ्रिजचा कोणता कप्पा कोणाचा, पाहुणे चालतील का, खोलीला आतून कडी आहे का, आणि घर सोडायचं झालं तर किती आठवडे आधी सांगायचं. मानधनाशिवाय वर पैसे मागितले जात असतील तर ते किती आणि कशाचे, हेही याच पानावर यायला हवं. यजमान ते लिहून द्यायला कचरत असेल तर तिथे कुटुंब पाठवू नका. मुलं असलेल्या कुटुंबासाठी यजमानाच्या घरातल्या मोठ्या माणसांची गार्डा, म्हणजे आयरिश पोलिसांची, पडताळणी झाली आहे का, हे सहायक संस्थेला विचारा.

भाड्याच्या घरात अनामत एका महिन्याच्या भाड्याएवढी आणि आगाऊ भाडं एका महिन्याचं, याहून जास्त मागता येत नाही. कोणी चार महिन्यांचे पैसे मागत असेल तर ते बेकायदा आहे. घर न दाखवता, ‘मी परदेशात आहे, किल्ली कुरियरने पाठवतो’ म्हणणाऱ्याला एक युरोही देऊ नका. या जाळ्यात सापडतात ते घाईत असलेले लोक, आणि मुदत संपत आलेल्या कुटुंबाइतकं घाईत दुसरं कोणी नसतं. सरकारी भाडेसाहाय्य, म्हणजे रेंट सप्लिमेंट, मिळतं म्हणून घरमालक भाडेकरूला नाकारू शकत नाही. समान दर्जाच्या कायद्यात ही तरतूद २०१६ पासून आहे.

घर बघायला जाल तेव्हा भिंतींच्या कोपऱ्यांत आणि कपाटाच्या मागे हात फिरवा. ओल आणि बुरशी तिथे आधी दिसते. धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बटण दाबून तपासा. खेड्यातल्या बऱ्याच घरांना गरम ठेवतं ते मागच्या अंगणातल्या टाकीतलं केरोसीन. टाकी ठोकून किंवा मोजपट्टीने किती तेल उरलंय ते पाहा आणि ते कोणी भरायचं हे त्याच वेळी ठरवा. हॉटेलात दोन वर्षं राहिलेल्या माणसाला हा खर्च माहीतच नसतो. जानेवारीत टाकी कोरडी पडते, आणि पुन्हा भरायची तर एकदम मोठी रक्कम लागते.

आत शिरल्यावर पहिलं काम वीजमीटरचा फोटो. आकडा आणि तारीख दोन्ही दिसले पाहिजेत. बिलावरचा वीजजोडणीचा अकरा अंकी एमपीआरएन नंबर त्याच फोटोसोबत ठेवा. फोटो नसेल तर आधीच्या भाडेकरूची थकबाकी कुटुंबाच्या नावावर चढू शकते.

पैशाचा हिशेब

जेवणासह सरकारी निवासात राहणाऱ्या मोठ्या माणसाला आठवड्याला ३८.८० युरो आणि मुलामागे २९.८० युरो मिळतात. हा दर आधी फक्त १४ मार्च २०२४ नंतर आलेल्यांना होता, ९ सप्टेंबर २०२४ पासून तो आधीपासून अशा निवासात राहणाऱ्यांनाही लागू झाला. बाहेर पडल्यावर, अटी पूर्ण होत असतील तर, नेहमीच्या भत्त्यासाठी अर्ज करता येतो. २०२५ मध्ये बेरोजगार भत्त्याचा पूर्ण दर आठवड्याला २४४ युरो होता. पण बदल आपोआप होत नाही. नवा पत्ता हातात आला की त्याच दिवशी इंट्रिओमध्ये, म्हणजे समाजसंरक्षण खात्याच्या स्थानिक कार्यालयात, अर्ज द्या, सोबत भाडेकरार किंवा यजमानाचं पत्र जोडा.

मधले काही आठवडे जुन्या तुटपुंज्या रकमेवर काढावे लागू शकतात, आणि नेमकं तेव्हाच भांडी, पांघरुणं, बल्ब, झाडू असं सगळं घ्यायचं असतं. हॉटेलातून निघालेल्या घरात साधी कढईसुद्धा नसते. अनामत आणि घर मांडण्याच्या खर्चासाठी त्याच खात्यातल्या समाजकल्याण अधिकाऱ्याकडे ‘ॲडिशनल नीड्स पेमेंट’चा अर्ज करा आणि कोटेशन जोडा. फर्निचरसाठी सेंट व्हिन्सेंट डी पॉल या धर्मादाय संस्थेच्या स्थानिक शाखेला विचारा.

निघायच्या आधीचा आठवडा

बसमध्ये माणशी किती बॅगा चालतील ते वाहतूकदाराला विचारून लेखी घ्या. दोन वर्षांत साठलेलं सामान दोन बॅगांत मावत नाही. बाबागाडी, सायकल, शिलाईमशीन यांची सोय वेगळ्या व्हॅनने करावी लागते, आणि व्हॅन आदल्या दिवशी मिळत नाही. प्रत्येक बॅगेवर रोमन अक्षरांत नाव आणि नव्या जागेचं नाव चिकटवा.

दोन पिशव्या बसच्या खालच्या सामानाच्या कप्प्यात कधीही जाऊ देऊ नका. एक कागदांची: पासपोर्ट, संरक्षणाचं पत्र, जन्मदाखले, शाळेचे कागद. दुसरी औषधांची: निदान महिनाभराची गोळी-औषधं, प्रिस्क्रिप्शनची प्रत, इन्सुलिन असेल तर थंड पिशवीत. नव्या गावात डॉक्टर मिळेपर्यंत वेळ लागतो, म्हणून जुन्या डॉक्टरकडून नोंदींची प्रत आणि पुढची प्रिस्क्रिप्शन निघण्याआधीच घ्या.

पलीकडे कोण उतरवून घेणार त्याचं नाव आणि नंबर चालकाकडेही असू द्या. संध्याकाळी सातनंतर पोचणाऱ्या कुटुंबाला गरम जेवण मिळेल का, हे दुपारीच विचारा. बहुतेक ठिकाणी तोवर स्वयंपाकघर बंद झालेलं असतं.

पोचल्यावर, याच क्रमाने

पहिल्यांदा समाजसंरक्षण खातं. भत्ता ठरलेल्या एका पोस्ट ऑफिसात जमा होतो. ते बदललं नाही तर पैसे केरीत आणि माणूस डोनेगलमध्ये अशी गत होते. खात्याची चौकशीची पत्रंही जुन्या हॉटेलवर जातात, तिथे ती कोणी उघडत नाही, उत्तर गेलं नाही म्हणून भत्ता थांबतो, आणि कुटुंबाला कळतं ते खिडकीवर उभं राहिल्यावर. पत्ता बदलल्याची नोंद कार्यालयात जाऊन करा आणि पोचपावती मागा. सोबत अ‍ॅन पोस्टची, म्हणजे आयरिश टपालखात्याची, पत्रं नव्या पत्त्यावर वळवण्याची सेवा काही महिन्यांसाठी घ्या. तिला पैसे पडतात, पण ते सार्थकी लागतात.

मग डॉक्टर. गावातल्या डॉक्टरांची यादी भरलेली असू शकते. तीन डॉक्टरांनी नकार दिला तर ते नकार शक्यतो लेखी घेऊन सरकारी आरोग्यसेवेकडे, म्हणजे एचएसईकडे पाठवा. ते डॉक्टर नेमून देतात. 

शाळेसाठी त्या भागाच्या एज्युकेशन अँड ट्रेनिंग बोर्डाकडे असलेल्या रिआल्ट टीमला फोन करा. देशात अशी सोळा बोर्डं आहेत आणि कोणत्या शाळेत जागा आहे हे त्यांना माहीत असतं. एकेका शाळेच्या दारात जाण्यापेक्षा हा रस्ता जवळचा. शाळा मिळाली की शाळाबसचा अर्ज वेगळा करावा लागतो. जागा मिळाली म्हणजे बस मिळाली असं नाही. मोठ्यांच्या इंग्रजीच्या वर्गांसाठीही हेच बोर्ड. जुन्या गावात कोणत्या पातळीचा वर्ग चालू होता ते सांगितलं नाही तर पुन्हा मुळाक्षरांपासून बसवतात.

नंतर बँक, मालक, फोन कंपनी. खेड्यात असाल तर लोकल लिंक बसचं वेळापत्रक छापून खोलीच्या दाराला लावा. काही मार्गांवर दिवसाला मोजक्याच फेऱ्या असतात, शेवटची बस चुकली की दुकान आणि दवाखाना दोन्ही दूर.

कौन्सिलच्या इंटिग्रेशन टीमला कुटुंब आल्याचं कळवा. ३१ कौन्सिलांमध्ये अशा टीम आहेत. जुन्या कौन्सिलने नव्याला कळवलं असेल असं समजू नका, स्वतः ईमेल करा आणि कुटुंबाची संमती घेऊन ते एक पान पुढे द्या.

दोन आठवड्यांनी परत फोन करा आणि नेमके प्रश्न विचारा. भत्ता कोणत्या पोस्टात आला? मुलं आज शाळेत गेली का? आजींच्या गोळ्या किती दिवसांच्या उरल्यात? ‘सगळं ठीक आहे ना?’ असं विचारलंत तर हो असंच उत्तर येतं, कारण ही माणसं आधीच पुष्कळांचे उपकार मानून दमलेली असतात. यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर ‘अजून नाही’ असेल तर त्याच दिवशी त्या कार्यालयाला फोन लावा, आणि तो कुटुंबासमोर लावा, म्हणजे पुढच्या वेळी कोणाला काय विचारायचं ते त्यांना कळेल.